पहिला घास कोणी घ्यायचा

आमच्या सौंसरच्या घरात आई पुरुषांच्या बोलण्यात कधी पडत नसे. पडत नसे म्हणजे तिला मत नव्हतं असं कोणी समजू नये. मत होतं, आणि भरपूर होतं. पण ते स्वयंपाकघरात शिजायचं आणि तिथंच संपायचं. बाहेर ओसरीवर मोठे बाबा बसलेले असायचे. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आईचे भासरे. भासऱ्यांची चाहूल लागली की डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढायचा, आवाज खाली आणायचा आणि सांगायचं ते नवऱ्यामार्फत सांगायचं, अशी रीत. आईनं ती लग्न होऊन आल्या दिवसापासून पाळली होती. म्हणून छप्पन सालच्या उन्हाळ्यात, मला अमेरिकेला पाठवायचं की नाही याचा खल ओसरीवर चालू असताना दाराआडून तिचा आवाज आला, तेव्हा बाबांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

मी तेव्हा नागपूरला मुलींच्या कॉलेजात गृहशास्त्र शिकत होते. गृहशास्त्र म्हटलं की लोक आजही हसतात, आणि मला आजही राग येतो. मोठे बाबा तर उघड हसायचे. “सैपाक शिकाले नागपूरले जाऊन राहिली का बापा? मायले इचारलं असतं त तिनं घरीच शिकवलं असतं.” मी चिडायचे, तसे ते आणखी खूश व्हायचे. पण सुटीत मी आले की लोधीखेड्याच्या वाटेवरच्या आमच्या बागेतली सगळ्यात गोड झाडाची संत्री माझ्यासाठी वेगळी काढून तेच ठेवत. असा तो माणूस.

आमच्या कॉलेजात एक अमेरिकन बाई काही काळ शिकवून गेल्या होत्या. त्यांच्या खटपटीनं तिकडच्या एका विद्यापीठात एक सहामाही शिकायला आमच्यातली एक मुलगी जायची होती. जाण्यायेण्याची, राहण्याची सोय तेच लोक करणार होते. ती मुलगी मी निघाले. हुशार होते म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. खरं म्हणजे माझ्यापेक्षा हुशार दोघी होत्या, पण त्यांची लग्नं ठरली होती. माझंही ठरण्याच्या बेतात होतं. काटोलचं एक स्थळ मोठ्या बाबांच्या मनात भरलं होतं. मुलगा बरा होता. मला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

बाबा मराठी शाळेत मास्तर होते. त्यांना मला पाठवायचं होतं, पण भावापुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मोठे बाबा म्हणाले, “समजा गेली. अन् नापास होऊन आली त? काटोलवाले थांबतीन का? गावात तोंड दाखवाले जागा राहीन का?” बाबा चहा ढवळत राहिले. आणि तेवढ्यात दाराआडून आई बोलली.

“एक सहामाही जाऊ द्या तिले. पास होऊनच येते का नाई पाहा. नाई झाली, त मी या घरात पुन्हा कायच्यातच बोलनार नाई.”

तशी ती आधी तरी कुठं बोलत होती, असं तिथल्या कोणाच्याही मनात आलं असेल. पण तिनं जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, आणि पहिल्याच वाक्यात पुढचं सगळं बोलणं पणाला लावून टाकलं होतं. तेही माझ्या भरवशावर. मोठे बाबा शेवटी म्हणाले, “जाऊ दे मंग. एकच सहामाही.” मी आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. मी मोरीत जाऊन रडले.

निघताना आईनं तिखट, हळद आणि काळ्या मसाल्याचे डबे मेणकापडात बांधून दिले. ती स्टेशनवर आली नाही. स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहून म्हणाली, “वेळेवर जेवजो.” नागपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीत बसले तेव्हा मला वाटलं, हिनं निदान ‘पास हो’ एवढं तरी म्हणायला हवं होतं.

अमेरिकेबद्दल मी फार सांगत नाही. आता प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे असतं आणि ते माझ्यापेक्षा जास्त सांगतं. मी गेले तो मुलूख मक्याचा होता. आमच्याकडे जशी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, तसा तिकडे मका. नजर जाईल तिथवर. विद्यापीठाच्या इमारती लाल विटांच्या, झाडं त्याहून लाल. थंडी अशी, की पहिल्या आठवड्यात मी साडीखाली दोन स्वेटर आणि पायात पुरुषी मोजे घालून हिंडत होते. तिथली संत्री पाहून मात्र मला हसू आलं. दिसायला मोठी, रंगानं झळझळीत, आणि सोलायला सुरी. माझ्या खोलीतली मैत्रीण सुरीनं चार फोडी करून सालीसकट तोंडाला लावायची. मी तिला म्हटलं, आमच्याकडचं संत्रं अंगठा लावला की आपणहून कपडे काढतं. ती बिचारी लाजली.

ही मैत्रीण शेतकऱ्याची मुलगी. तांबूस केसांची, दणकट, आवाज असा की शेजारच्या इमारतीत ऐकू जावा. तिला माझी साडी नेसून बघायची फार हौस होती आणि नेसली की ती तिच्या गुडघ्याच्या जरा खालीच संपायची. पहिल्या दिवसापासून आमचं जमलं. तिच्याजवळ उगाच गोड बोलणं नव्हतं, आणि माझ्याजवळही ते कधी नव्हतं.

तिथल्या गृहशास्त्राची सगळी परीक्षा कागदावर नव्हती. विद्यापीठाच्या आवारात एक खरंखुरं घर होतं, सरावाचं घर. त्यात आम्ही चार मुली राहायचो, माझी ही मैत्रीण त्यातलीच. एकीनं आठवडाभर स्वयंपाक बघायचा, एकीनं साफसफाई, एकीनं बाजारहाट आणि एकीनं यजमानीण व्हायचं. मग पाळी फिरायची. आणि प्रत्येकीनं आपल्या पाळीत एकदा पाहुण्यांना जेवायला बोलवायचं. ते जेवण म्हणजे अर्धी परीक्षा. आमच्या प्राध्यापक बाई पाहुण्यांतच बसायच्या, जेवायच्या आणि मनातल्या मनात गुण द्यायच्या. बाई उंच, हडकुळ्या, चष्म्याला साखळी, आणि हसल्या तर उपकार केल्यासारख्या.

माझी पाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली. मला म्हटलं गेलं, तुझ्या देशाचा स्वयंपाक कर. मला आणखी काय हवं होतं? स्वयंपाकात मी कोणाला भीत नव्हते. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून वरण केलं, त्यावर लसणाची फोडणी दिली. वांगी थेट गॅसच्या जाळावर भाजून आमच्याकडचं भरीत केलं. घरभर धूर झाला आणि मैत्रिणीनं सगळ्या खिडक्या उघडल्या. पोळ्या, भात, तांदळाची खीर. टेबलावर इस्त्रीचं कापड, काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे, ग्लास सुरीच्या टोकाशी. पुस्तकात होतं तसं सगळं, तसूभरही इकडे तिकडे नाही. पाहुणे म्हणजे बाई, डीनसाहेब, त्यांची बायको आणि आमच्या घरातल्या तिघी.

मी सगळ्यांना बसवलं, सगळ्यांना वाढलं. मग वरणाचं भांडं हातात धरून, डीनसाहेबांच्या मागे जरा बाजूला, आई उभी राहते तशी उभी राहिले.

कोणी जेवेना.

सगळ्यांचे हात मांडीवर. सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू. डीनसाहेब भाताकडे बघत होते, त्यांची बायको फुलदाणीकडे. मी मनात म्हटलं, लाजताहेत. पाहुणा पहिल्यांदा हात मागे घेतो, आग्रह केला की मग जेवतो. हे काय मला शिकवायला हवं? मी म्हटलं, “प्लीज, घ्या ना.” सगळ्यांनी आभार मानले आणि पुन्हा हात मांडीवर. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आपण वाढलंच कमी. नव्या माणसाला पहिल्या वाढणीला थोडं वाढलं तर तो मनात धरतो, आणि मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, यावरून आम्हा मुलींना फार बोलायची. मी लगेच एकेकाच्या ताटात आणखी भात घातला. त्यावर वरण. डीनसाहेब पाहुण्यांत मोठे, म्हणून त्यांना आणखी एक मोठा चमचा. भरीत नको म्हणून त्यांच्या बायकोनं हात आडवा धरला, तर मी तो प्रेमानं बाजूला करून वाढलं. काठोकाठ भरलेल्या ग्लासांत आणखी पाणी ओतलं. आणि पुन्हा जाऊन उभी राहिले.

तरी कोणी जेवेना. आता ताटांमधून वाफ येणंही थांबलं होतं.

नक्की काहीतरी निषिद्ध रांधलं मी, असं वाटलं. मैत्रिणीनं टेबलाखालून माझा पदर धरून ओढला आणि तिच्या परीनं हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, “बस ना!” मला तिचाही राग आला. मी बसले तर गरम पोळी कोण आणणार? मी ताठ मानेनं आणि मोठ्या अभिमानानं उत्तर दिलं, “मी मागून जेवेन.”

हे ऐकलं आणि बाईंनी चष्मा काढला. मला विचारलं, “तुझ्या घरी तू केव्हा जेवतेस?”

“मागून. आईबरोबर.”

“आणि पाहुणे?”

“पाहुणे आधी. ते जेवले नाहीत तर रुसले असं आम्ही समजतो.”

बाई डीनसाहेबांकडे वळल्या आणि म्हणाल्या, “आज आपण हिच्या घरी जेवायला आलो आहोत. सुरुवात करा.” सगळे एकदम तुटून पडले. डीनसाहेबांनी तो डोंगर संपवला, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. बाईंनी मात्र काट्याला हात लावला नाही. पाहुणे गेल्यावर त्या आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात आल्या, स्टुलावर बसल्या, आणि आम्ही दोघी गार वरणभात जेवलो. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे यजमानीणबाई टेबलाशी बसते, आणि ती काटा उचलून पहिला घास घेत नाही तोवर पाहुण्यानं अन्नाला हात लावायचा नाही. ती उपाशी तर सगळे उपाशी. हे पुस्तकात नव्हतं, कारण तिथं लहान पोरालाही ते ठाऊक असतं. माझ्याकडे उलट. म्हणजे ते माझ्यासाठी थांबलेले आणि मी त्यांच्यासाठी. बाईंनी विचारलं नसतं तर आम्ही सकाळपर्यंत तसेच थांबलो असतो.

मी हसले. बाईही हसल्या, अगदी मोकळ्या. मग त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, “स्वयंपाकाला मी तुला पूर्ण गुण देते. पण आज यजमानीण टेबलावर नव्हती. तिला मी गुण कशाचे देऊ?” नापास लिहिणार नाही, नाताळच्या सुटीआधी आणखी एकदा संधी देते, असं त्या म्हणाल्या. त्या वेळी जमलं तर जमलं. माझ्या डोळ्यांपुढे दाराआडचा आईचा पदर आला.

त्याच सुमारास बाबांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, राज्यांची नवी वाटणी झाली, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं आणि नोव्हेंबरपासून आपण भोपाळचे झालो. नागपूर मुंबई राज्यात गेलं. मी निघाले तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. जे शहर मला घरच्या अंगणासारखं, जिथं मी सायकल शिकले, तिथं जायचं म्हणजे आता दुसऱ्या राज्यात जायचं. मी खोलीतल्या नकाशावर बोट ठेवून मैत्रिणीला हे समजावत होते. ती म्हणाली, “पण तू तर इथं आहेस. तुझ्या मागे त्यांनी घर हलवलं?” मी म्हटलं, घर तिथंच आहे, भोवतालचं हललं. तिला ते पटेना. तिच्या घराभोवती आजोबांच्या आजोबांपासून एकच राज्य. आणि पत्राच्या शेवटी बाबांनी आईचा निरोप लिहिला होता. दुसरं काही नाही, फक्त एवढंच: आई विचारते, तिकडे तुला वाढतं कोण?

त्या प्रश्नावर मी किती रडले ते सांगत नाही. वाढणारं कोणी नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं. पण रडण्याचं खरं कारण तेही नव्हतं. या आईला मी काय लिहू, की पाहुण्यांआधी जेवायला बसले नाही म्हणून मी नापास व्हायच्या बेतात आहे, आणि म्हणून तुझं बोलणं कायमचं बंद?

इथं एक सांगून टाकते. बायका मागून जेवतात म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा दुःखी होतो. बाईंचाही झाला होता. दुसऱ्या पंगतीला भाजी खरवडून घ्यावी लागायची हे खरं, पोळ्या गार असायच्या हेही खरं. पण घरातलं सगळं हसणं त्या पंगतीला व्हायचं. आई मोठ्या बाबांची नक्कल करायची, पानदान शोधताना ते स्वतःशी पुटपुटतात त्याची. मोठी आईच ठसका लागेपर्यंत हसायची. ते जेवण मी कुठल्याही पहिल्या पंगतीसाठी सोडलं नसतं. आणि तरी, त्याच पंगतीत बसलेल्या आईला दिवसातून चारदा बाहेरून हाक यायची, आणि चारही वेळा ती हातातला घास ताटात टाकून उठायची. हे मी अमेरिकेत जाईपर्यंत कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पाहत होते, पण दिसलं नव्हतं.

मैत्रिणीनं मला तयार करायचं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी ती आणि बाकीच्या दोघी टेबलाशी बसायच्या, हात मांडीवर, आणि मी पहिला घास घेईपर्यंत माझ्याकडे टक लावून बघायच्या. तुम्ही करून बघा. तीन भुकेली माणसं समोर आणि पहिला घास तुमचा! माझा हात उचलला जायचाच नाही. उचललाच तर घास तोंडात फिरत राहायचा. आपण अगदी हावरट झालो आहोत, आणि कुठूनतरी मोठी आई बघते आहे, असं वाटायचं. मैत्रीण ओरडायची, “चाव! आता गिळ!” एकदा तर मी रागावून चमचा फेकला. तिनं तो उचलला, धुतला आणि परत माझ्या ताटात ठेवला.

डिसेंबरात बाहेर सगळं पांढरं झालेलं असताना ते दुसरं जेवण झालं. पाहुणे तेच. डीनसाहेबांनी आल्याआल्या विचारलं, त्या दिवशीचं ते जळकं वांगं आहे ना? मी वाढलं. मी भांडं ठेवलं. मी बसले. सगळे हात मांडीवर गेले आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि मला जी भीती वाटेल असं वाटलं होतं ती वाटलीच नाही. मला वाटलं, ही इतकी मोठी माणसं माझ्यासाठी थांबली आहेत. माझ्यासाठी! आईसाठी जन्मात कोणी असं थांबलं नाही. मी काटा उचलला आणि घास घेतला. भरीत इतकं गरम होतं की जीभ पोळली. पण मी चेहरा हलू दिला नाही. मैत्रिणीनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय मारला तो इतक्या जोरात, की ती निळी खूण मी बोटीवरही बघत होते.

मी पास झाले.

परत आले तेव्हा फेब्रुवारी होता, बागेत मृगाच्या बहाराची संत्री उतरत होती. छोट्या गाडीतून सौंसरला उतरले तर मोठे बाबा स्वतः स्टेशनवर. त्यांनी माझं सामान घेतलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “वायलीस व पोरी. काई खात नोहते काय थे लोक?” घरी येईपर्यंत त्यांचं एकच चाललं होतं. संत्रं सकाळी मध्य प्रदेशात तुटते आणि दुपारी मुंबई राज्यात विकते, त्याले काई समजत नाई, आपल्यालेच समजते. बाबांनी ओसरीवर माझं प्रमाणपत्र मराठी करून वाचून दाखवलं. मोठ्या बाबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग आतल्या दाराकडे तोंड करून, पण कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात, म्हणाले, “पास झाली बरं.”

आत आई पोळ्या लाटत होती. ती फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, “मले मालूम होतं.” आणि लाटणं हातातून सुटून खाली पडलं.

रात्री मी तिला ती सगळी गोष्ट सांगितली. डीनसाहेबांचा भाताचा डोंगर सांगितला तेव्हा ती आणि मोठी आई भिंतीला टेकून हसल्या. बाई माझ्यासाठी थांबून स्वयंपाकघरात जेवल्या, हे ऐकून आई म्हणाली, “चांगल्या घरची दिसते.” पाहुणे यजमानिणीसाठी थांबतात हे ऐकून मात्र ती सरकून माझ्याजवळ बसली. पुन्हा एकदा सांग, असं म्हणाली.

मग नोकरीचा प्रश्न आला. नागपूरच्या कॉलेजात मला घेतील असं सगळ्यांनी धरलं होतं, पण नागपूर आता पलीकडचं झालं होतं. आमच्या राज्यात जागा होती ती जबलपूरला, मुलींना गृहशास्त्र शिकवायची, तीही हिंदीतून. एका दुपारी पुरुषांची जेवणं आटोपल्यावर ओसरीवर पुन्हा खल सुरू झाला. जबलपूर लांब. तिथं ना कोणी नात्याचं ना गोत्याचं. पोरीची जात, परकी भाषा. काटोलचं स्थळ अजून थांबलेलं होतं, मोठे बाबा म्हणाले, “थेही मुंबई राज्यात गेलं म्हना, पन सोयरिकीले काय हद्द रायते?” बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, “दादा म्हणतील तसं.”

मोठे बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “तिले इचार.”

“कोणाला?”

“तुह्या बायकोले. मागच्या खेपी तिनंच सांगतलं होतं. तसंच झालं.”

आत दुसरी पंगत नुकती बसली होती. मी वाढत होते. आईनं पहिला घास कालवून हातात घेतला होता, तेवढ्यात बाबा स्वतः दाराशी आले. “ऐकलंस? दादा विचारताहेत. हिला जबलपूरला पाठवायचं का?”

ती आता उठेल, हे मला ठाऊक होतं. घास ताटात टाकेल, हात धुवेल, पदर ओढेल. गाय हंबरली तरी ती उठायची. मोठी आईही तिच्याकडे बघत होती.

आईनं घास खाली ठेवला नाही. ती शांतपणे म्हणाली, “जेवून राहिली मी. जेवन झालं का सांगतो.”

आमच्याकडे बायकाही ‘सांगतो’ म्हणतात. बाबा आल्या पावली परत गेले. बाहेरून त्यांचा आवाज आला, “जेवते आहे.” आणि पाठोपाठ मोठ्या बाबांचा, “जेऊ दे.”

ती जेवली. मी तिला गरम पोळी वाढली, तिनं घेतली. वरण वाढलं, घेतलं. मग तिनं आपणहून भात मागितला, वर तूप मागितलं. तिनं काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. बाहेर अडकित्त्याचा आवाज थांबला होता. बाबा एकदा खाकरले, तेवढंच. आई घाई करत नव्हती आणि मुद्दाम उशीरही करत नव्हती. भूक लागलेलं माणूस जेवतं तशी ती जेवत होती. माझे डोळे भरून आले आणि मी तूप सांडलं. ती म्हणाली, “नीट वाढ.”

मग तिनं हात धुतले, पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि ती दाराशी गेली. दाराआड नाही, उंबरठ्यावर. बोलली बाबांशी, पण मोठ्या बाबांना ऐकू जाईल असं.

“जबलपूरले जाऊ द्या तिले. हिंदी काई कठीन नाई, अर्धी त आपन बोलतोच. अन् घर लावून द्याले महिनाभर मी जातो तिच्यासंगं.”

शेवटचं कोणी विचारलंच नव्हतं. बाबांनी भावाकडे पाहिलं. मोठ्या बाबांनी अडकित्ता खाली ठेवला, मान वर केली, आणि ती लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तिलाच विचारलं, “महिनाभर?”

“हो,” आई म्हणाली. बाबांकडे न बघता, थेट त्यांना.